महिला आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा, २०२२
आशियाई फुटबॉल महासंघाची ही स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ दरम्यान महाराष्ट्रात झाली. संघसंख्या प्रथमच आठवरून बारा झाली. भुवनेश्वर व अहमदाबादचा मूळ बेत कोविडमुळे सोडून, संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे क्रीडासंकुल आणि पुण्याची बालेवाडी निवडली गेली. तरीही साथीने यजमानांनाच गाठले. इराणशी गोलशून्य बरोबरीनंतर २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध पुरेशा खेळाडूच उभ्या करता न आल्याने भारत स्पर्धेबाहेर पडला. ती बरोबरीही रद्दबातल ठरली. यजमानपदाची याहून क्रूर थट्टा विरळाच. अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-२ पिछाडीवर असलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले.