जुन्या स्पोर्ट्स कारची तेलगळती : मूळ शोधा, मगच दुरुस्ती
लकडगंजच्या आरा गिरण्यांतील भुसा सांडलेले तेल टिपतो. गळतीचे मूळ मात्र झाकतो. १९९८ साली आलेल्या ‘सॅन स्टॉर्म’सारख्या जुन्या स्पोर्ट्स कारखाली कोरा पुठ्ठा पसरावा. इंजिन पुसून, थोडे चालवून वरून खाली तपासावे. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे सरकते. प्रथम टॅपेट कव्हरचे पॅकिंग पाहावे. इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असल्यास क्रँकचे मागील ऑइल सील तपासावे; ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ब्रीदर नळी तुंबल्यास आतील दाब वाढून नवे सीलही गळते. ती आधी साफ करावी. बोल्ट अति आवळू नयेत. तप्त एक्झॉस्टवर ठिबकणारे तेल पेट घेऊ शकते. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी चालवू नये.