परस्थळ

मराठेशाहीतील जुने महजर वाचताना मला निवाड्यापेक्षा त्याखालच्या निशाण्याच अधिक बोलक्या वाटतात. पाटलाचा नांगर सर्वांच्या ओळखीचा. पण अक्षरशत्रू बलुतेदारही आपल्या धंद्याचे हत्यार काढून साक्ष घालीत. कोणी कोणत्या कारणाने कोणता निवाडा दिला, हे कागदावर सर्वांदेखत राही. गोतसभेचे बळ या उघडेपणात होते.

दुसरी सोय त्याहून शहाणपणाची. आपल्या गावचे गोत पक्षपात करील असा संशय आला, तर वादी परस्थळ मागे. मग तंटा दूरच्या, दोघांचेही लागेबांधे नसलेल्या गावी जाई. धर्मविषयक वादांत आमच्या बाजूचे पैठण हे असेच मोठे स्थळ. आळंदीने वाळीत टाकलेली ज्ञानेश्वरादी भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणासच गेली, असे परंपरा सांगते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्या गोताने न्याय दिला त्याच गोताने माणसांचे पाणी तोडले, विस्तव बंद केला. जातपंचायतींनी हा वारसा इतका इमानाने चालविला की, महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही.

हे सारे आठवले ते एका अगदी नव्या गावकीमुळे. २०१६ सालीच जर्मनीत ओयगेन रोख्को या तरुणाने ‘मास्टोडॉन’ सुरू केले. ट्विटरसारखेच बोलण्याचे ठिकाण, पण त्याला एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे हजारो गावे. प्रत्येकाचा कारभारी निराळा, नियम निराळे, तरी गावोगावच्या लोकांचे आपसांत बोलणे चालू. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले, तेव्हा रागावलेले कितीतरी भारतीय तिकडे गेले. त्याच वर्षी जुलैत द्वेषाच्या मजकुराबद्दल बदनाम असलेले ‘गॅब’ मास्टोडॉनचीच यंत्रणा घेऊन आत आले होते. हाकलणारा मालक नव्हता. तेव्हा अनेक गावांनी आपापल्या वेशी त्याला बंद केल्या. ते योग्यच झाले, असे मी म्हणेन.

पण वेस बंद होते तेव्हा सज्जनही बाहेर राहतो. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका लहान सर्व्हरवर शेतीविषयी लिहीत असे. तिथल्या दुसऱ्याच कोणी शिवीगाळ केली, कारभाऱ्याने दुर्लक्ष केले, आणि एका मोठ्या गावाने या सबंध गावालाच तोडले. रात्रीत त्याचे निम्मे वाचक गेले. दिवाळीच्या सुट्टीत बदनापूरला आला तेव्हा म्हणाला, “सर, दाद कुठे मागू?”

मास्टोडॉनवर अपिलाची सोय आहे. पण ते अपील ज्याने शिक्षा दिली त्याच चावडीवर चालते. आणि वेस ज्यांनी बंद केली, त्या गावचा हा रहिवासीसुद्धा नव्हे! मी त्याला परस्थळाची हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली, आणि दुसऱ्या गावात खाते उघडले. उरलेले वाचक सोबत नेता आले; चार वर्षांचे लिखाण मात्र जुन्या गावीच राहिले. तुटलेल्यांपैकी चार-पाच जणांनी त्याला पुन्हा शोधून काढले आहे.