कवडीचे मोल : तुळजापूरच्या वाटेवरचा एक जुना पैसा

१/१४
तुळजापूरला भवानीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हळद-कुंकू, बांगड्या आणि परड्यांच्या शेजारी कवड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. तीच कवडी आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत कानातल्यांत, पैंजणांत आणि पिशव्यांवर दिसते. तिथे तिची ओळख 'जुनी फॅशन परत आली' अशी करून दिली जाते. तुळजापुरात मात्र ती परत आलेली नाही, कारण तिथून ती कधी गेलीच नव्हती. या धाग्यात या फरकाचा इतिहास.

२/१४
कवडी म्हणजे एका लहान समुद्री गोगलगायीचे कवच. संस्कृतात तिला 'वराटक' आणि 'कपर्दक' अशी नावे आहेत. 'कपर्दिका'पासूनच मराठीतला 'कवडी' हा शब्द आला. पैसा म्हणून जी कवडी जगभर चालली, तिचा सर्वांत मोठा पुरवठा मालदीवच्या बेटांवरून होत असे. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. मग समुद्रातली ही वस्तू देवीच्या पायाशी कशी पोहोचली?

३/१४
समुद्राशी या प्रदेशाचे नाते जुने आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर भडोच बंदराला गाड्यांमधून कापड पाठवत असे. किनारपट्टीच्या प्रदेशातला मालही तगरला येत असल्याचे त्यात नोंदले आहे. त्या मालात कवडी होती, असे पेरिप्लस सांगत नाही. पण बंदर आणि बालाघाट यांना जोडणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती, एवढे त्यातून निश्चित कळते.

४/१४
पैशाला लागणारे बहुतेक गुण कवडीत होते. ती टणक, टिकाऊ, मोजायला सोपी आणि जवळजवळ एकसारख्या आकाराची असे. तिची नक्कल करणे नाण्याच्या नकलेपेक्षा अवघड होते. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्खू फाहियान याने मध्यदेशात खरेदी-विक्री कवड्यांनी होते, असे लिहून ठेवले आहे. तांब्याचे लहानात लहान नाणेही जिथे मोठे पडे, तिथे कवडी चाले. म्हणूनच ती मुख्यतः गरिबाच्या बाजारहाटाचे चलन होती.

५/१४
महाराष्ट्राशी निगडित असलेला याचा सुंदर पुरावा गणिताच्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'च्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक येते : २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. म्हणजे एका द्रम्माला १,२८० कवड्या. भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. हिशोब शिकणारा विद्यार्थी पहिला आकडा कवडीपासूनच मोजत असे.

६/१४
चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला. तिथे सोन्याच्या एका दिनारला ४ लाख कवड्या मिळत आणि भाव पडला की १२ लाखांपर्यंत, असे तो लिहितो. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या राज्यात त्याने तीच कवडी एका दिनारला १,१५० या दराने विकली जाताना पाहिली. त्याच्याच आकड्यांनुसार हा फरक जवळजवळ साडेतीनशे पट होतो. एका बेटावर वाळूत पुरून स्वच्छ केलेले कवच दुसऱ्या खंडात संपत्ती ठरत होते.

७/१४
या फरकाचा सर्वांत क्रूर वापर युरोपीय व्यापाऱ्यांनी केला. डच आणि इंग्रज कंपन्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजांनी युरोपात नेल्या. तिथून त्या पश्चिम आफ्रिकेत गेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेऊन अटलांटिकपार गुलामगिरीत धाडली गेली. म्हणून कवडीच्या इतिहासात देवीच्या माळेबरोबर गुलामांच्या साखळदंडांची नोंदही करावी लागते. त्याच आफ्रिकेत घाना या स्वतंत्र देशाने १९६५ मध्ये आपल्या चलनाला 'सेडी' हे नाव दिले. ते अकान भाषेतल्या कवडीसाठीच्या शब्दावरून आले आहे.

८/१४
भारतात कवडीचे चलन कंपनी सरकारच्या काळात मोडले. १७७८ मध्ये सिल्हेटचा कलेक्टर झालेल्या रॉबर्ट लिंडसेला तिथला महसूल कवड्यांत मिळे. हिशोब असा : ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण आणि ४ काहणांचा रुपया. एका रुपयाला ५,१२० कवड्या! पुढे ओडिशात कंपनीने महसूल रुपयांतच मागायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे कवड्याच होत्या, ते नाडले गेले. १८१७ च्या पाईक उठावामागच्या कारणांत हेही एक होते. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया आला.

९/१४
बाजारातून कवडी गेली, पण मराठी भाषेने तिला सोडले नाही. कंजूष माणूस 'कवडीचुंबक' ठरतो, कफल्लक माणसाकडे 'फुटकी कवडी' नसते आणि घट्ट विरजलेल्या दह्याच्या 'कवड्या' पडतात. बाजारात कांद्याचे दर कोसळले की आजही वर्तमानपत्रे 'कांदा कवडीमोल' असेच लिहितात. ज्या नाण्याने त्या शेतकऱ्याच्या पूर्वजांनी मीठमिरची घेतली असेल, त्याच नाण्याचे नाव आता त्याच्या तोट्याला दिले जाते.

१०/१४
खेळांतही ती उरली. पचिशीत सहा कवड्या टाकतात आणि किती कवड्यांची तोंडे वर आली यावर दान ठरते. सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस, आणि त्यावरूनच खेळाचे नाव पडले. अष्टाचम्मात चार कवड्या पुरतात : चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसल्या तर मुले चिंचोके फोडून त्यांवर काम भागवत. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये याच कुळातल्या 'लुडो'चे पेटंट घेतले गेले. कवडीची जागा फाशाने घेतली आणि हाच खेळ परदेशी नावाने आपल्याकडे परतला.

११/१४
२०२० च्या टाळेबंदीत लुडो घरोघरी मोबाइलवर खेळला गेला. त्याच सुमारास कापडी पट आणि खऱ्या कवड्यांचे जुने खेळही पुन्हा विकत मिळू लागले होते. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानासारख्या संस्थेने असे पट जमवून आणि नव्याने घडवून त्यांची प्रदर्शने भरवली आहेत. शहरातल्या पिढीसाठी हे खरोखर पुनरागमन आहे. आजीच्या ओसरीवर खडूने आखलेला पट मधल्या काळात पुसला गेला होता.

१२/१४
तुळजापूरची गोष्ट वेगळी आहे. इथे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, हातात परडी घेऊन जोगवा मागतात. गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने, पेटत्या पोताच्या उजेडात रात्र जागवतात. त्यांच्याही गळ्यात कवड्याच असतात. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतले कित्येक जण माळ विकत घेऊन देवीच्या पायांना लावतात आणि मग गळ्यात घालतात. खर्चाचे चलन बंद झाले, तरी भक्तीचे चिन्ह म्हणून कवडी चालू राहिली.

१३/१४
मात्र ती चालू ठेवणाऱ्यांना मान मिळालाच, असे नाही. गोंधळी समाजाची महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणना होते. जोगवा मागणे ही व्रताची रीत असली, तरी शहरी नजरेला ती भीक वाटत आली. म्हणजे जी माळ आराधिणीच्या गळ्यात 'मागासलेपण' मानली गेली, तीच महाविद्यालयीन तरुणीच्या गळ्यात 'पारंपरिक सौंदर्य' ठरते. माळ तीच आहे. तिचा भाव गळा पाहून ठरतो. आणि मागणी एवढी वाढली आहे, की ज्या वस्तूची नक्कल अवघड म्हणून ती पैसा झाली, तिच्या प्लास्टिकच्या नकला आता सर्रास विकल्या जातात.

१४/१४
इतिहासाच्या अभ्यासकाने 'जुने परत आले' हे वाक्य ऐकताच विचारावे : कोणाकडे परत आले? आणि मधल्या काळात ते कोणी जपले? जे सोडून गेले होते, त्यांनाच वस्तूचे परतणे दिसते. न सोडणाऱ्यांच्या घरी ती रोजची असते, म्हणून त्यांच्याविषयी कोणी बातमी लिहीत नाही. कवडीचे कानातले घालण्यात गैर काही नाही. पण ते घालताना परडी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आराधिणीला ओळखता आले, तर कवडीबरोबर तिचे मोलही थोडे परत येईल.

(धागा समाप्त. घरात जुन्या कवड्या किंवा पट असेल, तर तो कोणाचा होता आणि त्यावर कोण खेळत असे, हे घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवा. घरचा इतिहास तिथूनच सुरू होतो.)