क्वायवरचा पूल आणि पडद्याबाहेरचे मजूर

जुने युद्धपट पाहण्याचे वेड आम्हांस पुष्कळ वर्षांचे आहे. महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा मंडळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतो, एखादा नावाजलेला युद्धपट लावतो, आणि चित्रपट दोन तासांचा असला तर त्यावरचा वाद हमखास तीन तासांचा होतो. आमच्यात कोणी इतिहासाचा प्राध्यापक नाही, की कोणी रणांगण पाहिलेला सैनिक नाही. तथापि पुस्तकांनी जे प्रश्न विचारावयास शिकवले नव्हते, ते या वादांनी शिकवले. त्यांपैकी एका संध्याकाळची हकीकत आज आपणापुढे ठेवावयाची आहे.

त्या दिवशी डेव्हिड लीन यांचा १९५७ सालचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ लावला होता. आपणांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती सापडलेली एक ब्रिटिश पलटण सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जंगलात आणली जाते आणि नदीवर रेल्वेचा पूल बांधण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करावयाची नाही, या हट्टापायी कर्नल निकोल्सन छळ सोसतो, अखेर जिंकतो, आणि जिंकल्यावर त्याला त्या पुलाचाच मोह जडतो. शत्रूच्या गाड्या ज्यावरून जाणार तो पूल तो इंग्रजी शिस्तीचे स्मारक समजून बांधू लागतो. अ‍ॅलेक गिनेस यांनी हा कर्नल असा काही उभा केला आहे, की त्याचा राग यावा की कीव यावी हेच कळत नाही. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले, ते उगाच नव्हेत.

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि वाद नेहमीच्या वळणाने सुरू झाला. हा कर्नल वीर की वेडा? अर्धा तास यातच गेला. तेव्हा रेल्वेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही, जे सहसा सर्वांच्या शेवटी बोलतात, म्हणाले, “पूल राहू द्या हो. पुलाच्या अलीकडची आणि पलीकडची लाइन कोणी टाकली? भराव कोणी घातला, खडक कोणी फोडला? एक पलटण एका पुलावर गुंतली होती, हे मान्य. पण एवढी माती काही आपोआप उचलली गेली नसेल.”

आम्ही हसलो. पण प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तके काढली.

ही रेल्वे खरीच होती. सयाममधील बान पाँगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायापर्यंत तिची लांबी सुमारे ४१५ किलोमीटर. समुद्रमार्गाने रंगूनला रसद नेणे शत्रूच्या पाणबुड्यांमुळे धोक्याचे झाले, म्हणून जपान्यांनी १९४२ च्या मध्यास हे काम हाती घेतले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांस मिळाले. डोंगर, जंगल आणि १९४३ चा पावसाळा यांतून सव्वा-दीड वर्षात एवढी लाइन टाकणे म्हणजे काय, हे आमच्या स्नेह्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. या कामावर सुमारे साठ हजार युद्धकैदी होते. इंग्रज, डच, ऑस्ट्रेलियन आणि काही अमेरिकन. त्यांतले बारा हजारांवर मेले. ही गोष्ट जगाला ठाऊक आहे.

जी ठाऊक नाही ती अशी, की या कैद्यांच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक आशियाई मजूर त्याच लाइनवर राबत होते. ब्रह्मी होते, मलायी होते, जावाचे होते, आणि हजारोंच्या संख्येने तमिळ होते. हे तमिळ मलायातील रबराच्या मळ्यांतले. युद्धामुळे रबराची निर्यात थांबली, मळे ओस पडले, हाताला काम उरले नाही. प्रथम त्यांना पगाराचे आणि थोड्या महिन्यांच्या कराराचे आमिष दाखवले गेले. पुढे आमिष पुरेना, तेव्हा पकडापकडी सुरू झाली. फुकट चित्रपटाचा खेळ जाहीर करावयाचा, थिएटर भरले की दारे लावून घ्यावयाची आणि आतल्या पुरुषांना थेट आगगाडीत घालावयाचे, अशीही हकीकत त्या काळच्या आठवणींत आढळते. ती वाचली त्या दिवशी आम्हांस आमच्या दिवाणखान्यातल्या त्या पडद्याकडे पाहवेना.

युद्धकैद्यांजवळ निदान आपले अधिकारी होते, डॉक्टर होते, पाणी उकळून प्यावे एवढी शिस्त होती. मजुरांच्या छावण्यांत यांतले काहीच नव्हते. कित्येकांबरोबर बायकामुलेही आलेली. पावसाळ्यात पटकी आली, तेव्हा छावण्याच्या छावण्या रिकाम्या झाल्या. मेलेल्यांचा आकडा नव्वद हजारांच्या घरात धरला जातो. हा अंदाजच; कारण त्यांची हजेरीपटावर नीट नोंद नव्हती. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार थडगी ओळीने उभी आहेत, गवत कापलेले, दगडांवर नावे कोरलेली. मजुरांच्या नावांची अशी ओळ कोठेच नाही.

मौज अशी, की ज्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला तिचे लेखक प्येर बूल हे युद्धापूर्वी मलायातच रबराच्या मळ्यावर इंजिनिअर होते. तमिळ मजूर त्यांनी रोज पाहिला असणार. तरी १९५२ साली कादंबरी लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते गोरे अधिकारी. तेही वस्तुस्थितीस धरून नव्हेत. प्रत्यक्ष पुलाच्या छावणीवरचे ब्रिटिश अधिकारी कर्नल टूझी हे शत्रूला मदत करणारे नव्हते. शक्य तेथे कामात खोडा घालून माणसे जगवणारे होते. पटकथेचेही असेच. कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन या खऱ्या लेखकांची नावे हॉलिवुडच्या काळ्या यादीत, म्हणून ऑस्कर गेले बूल यांना. ती चूक १९८४ साली दुरुस्त झाली. विल्सन तोवर हयात नव्हते, पण नाव तरी परत मिळाले.

हे सारे पुढच्या बैठकीत मांडले, तेव्हा आमच्यातील एक बाई, ज्या शाळेत मराठी शिकवतात, चांगल्याच संतापल्या. “एका माणसाच्या अहंकाराची गोष्ट सांगणाऱ्याने सगळ्या रेल्वेचा हिशेब द्यावा काय? उद्या तुम्ही शेक्सपिअरला डेन्मार्कची शिरगणती मागाल!” त्यांचे म्हणणे आम्हांस निम्मे पटते. लीन यांनी निवडलेला विषय त्यांचा आहे आणि तो त्यांनी थोरपणे हाताळला आहे. पण चित्रपट पडद्यावर थांबत नाही, त्याचे काय? हा पूल ज्या नदीवर खरोखर होता तिचे नाव मे क्लाँग. चित्रपट पाहून प्रवासी ‘क्वाय’ शोधत येऊ लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास त्या भागातल्या प्रवाहाचे नावच बदलून ‘ख्वे याइ’ करण्यात आले! नदीचे नाव बदलण्याएवढी ज्याची ताकद, त्याने कोणाला वगळले हे विचारणे गैर कसे? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये वारले, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला नसता, तर ते नाव आपल्याकडे इतके घरोघर पोहोचले असते का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणि दोष एकट्या इंग्रजांवर टाकून आम्हांस सुटता येत नाही. रूळ मिळाले ते १७ ऑक्टोबर १९४३ रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ तारखेस, नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकारची घोषणा केली. दुसरी तारीख आम्ही लहानपणापासून अभिमानाने पाठ केली आहे आणि ती पाठ असावीच. पहिली तारीख आमच्या त्या बैठकीत एकालाही माहीत नव्हती. त्याच आठवड्यात, त्याच मुलखात, आपलीच हजारो माणसे. आणि आम्ही ती एका इंग्रजी चित्रपटात का दिसत नाहीत म्हणून तावातावाने भांडत होतो.

पुढच्या महिन्यात झाँ रन्वार यांचा १९३७ चा ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ लावला. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच कैद्यांची गोष्ट. नाझींनी याची मूळ फिल्म पॅरिसहून उचलून बर्लिनला नेली, तेथून ती मॉस्कोला गेली, आणि तीच ही, हे कळावयास पुढे कित्येक वर्षे लागली. असो. त्यात एक छोटा प्रसंग आहे. कोठडीतला एक काळा अधिकारी, फ्रान्सच्या वसाहतीतला, मन लावून एक चित्र काढतो. गुन्ह्याचा पाठलाग करणारा न्याय, असा त्या चित्राचा विषय. तो ते सोबत्यांना दाखवतो. ते क्षणभर पाहिल्यासारखे करतात आणि आपल्या बोलण्याकडे वळतात. रन्वार यांनी त्यावर एक शब्द बोललेला नाही. आम्ही हा चित्रपट पूर्वी तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा आम्हीही त्या सोबत्यांसारखेच पुढे गेलो होतो.

या वेळी मात्र रेल्वेवाले स्नेही म्हणाले, “थांबवा जरा. तेवढे पुन्हा दाखवा.” आम्ही चित्रपट मागे घेतला.