कॉलेज गाडीत बसून शेतावर आलं

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वाचलं असेल, नाहीतर मुलांच्या दप्तरात तरी पाहिलं असेल. १९८१ साली ते पुस्तक आलं आणि भुईमुगापासून नाना वस्तू करणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या घराघरांत पोचले. आज आम्ही त्यांच्या प्रयोगशाळेबद्दल नाही, त्यांच्या गाडीबद्दल बोलणार आहोत.

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली, पण काळ्या कुटुंबांच्या हाती जमीन आली नाही. बहुतेक जण मालकाचं रान वाट्यानं करायचे. खाण्यापिण्याचं सामान दुकानदाराकडून उधार, आणि ती उधारी मिळायची कापसाच्या भरवशावर. म्हणून दारापर्यंत कापूस. वर्षानुवर्षं तेच पीक घेऊन रानं निकस झाली होती.

याच राज्यात टस्कीगी गावी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली काळ्या मुलामुलींसाठी संस्था सुरू केली. कार्व्हर तिथं १८९६ साली शेतकी विभागाचे प्रमुख म्हणून आले. स्वतः गुलामाच्या पोटी जन्मलेले, आयोवाच्या शेतकी कॉलेजातून मोठी पदवी घेतलेले. हाताशी पैसा नाही, प्रयोगासाठी दिलेलं रान हलकं. त्यांनी पालापाचोळा आणि दलदलीतला काळा गाळ कुजवून खत केलं, चवळी पेरली, रताळी लावली. चवळीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, हे आपल्याला आता माहीत आहे. त्या शेतकऱ्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायचं तरी कसं? १८९२ पासून संस्था दरवर्षी शेतकऱ्यांचा मेळावा भरवत होती. पण मेळाव्याला येणार कोण? ज्याला कामातून सवड, तो. चूल, लेकरं आणि कापसाची वेचणी सांभाळणारी बाई कशी येणार? मग १९०६ साली गाडी निघाली. तिचा आराखडा कार्व्हरांनी केला, पैसे मुख्यतः न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी दिले, म्हणून ती 'जेसप वॅगन'. गाडीत अवजारं, लोणी काढायचं यंत्र, दूध तपासायचं साधन. एखाद्याच्या शेतावर गाडी उभी राहायची, आजूबाजूची माणसं जमायची आणि तिथल्याच मातीत काम करून दाखवायचं. त्याच वर्षी टस्कीगीचेच विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांना सरकारनं या कामावर नेमलं. पुढं मोटारगाडी आली, तिच्यात घरकामातलं शिकवणारी बाई आणि नर्सही असायची. कार्व्हरांचं नाव जगाला ठाऊक झालं. त्या नर्सबाईचं नाव आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल?

गाडीबरोबर पुस्तिका जायच्या. कार्व्हरांनी चाळीसहून अधिक लिहिल्या, पहिली १८९८ साली. भाषा साधी, आणि लिहिताना डोळ्यांपुढं शेतकरी, शिक्षक आणि घर चालवणारी बाई. एक पुस्तिका आम्हाला फार आवडली. १९११ सालची, टस्कीगीच्याच जिल्ह्यातल्या मातीपासून भिंतींना द्यायचा रंग कसा करायचा, याची. आपण पांढऱ्या मातीनं आणि गेरूनं भिंती सारवतो, तसंच काहीसं. दुकानातला रंग न घेता घर उजळ करायची विद्या कॉलेजातल्या मास्तरांनी छापून दिली!

१९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाचे १०५ पदार्थ आहेत. सगळे कार्व्हरांनी शोधले, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्यांनी कुठल्या मासिकांतून आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांतून कृती घेतल्या, ते त्या पुस्तिकेतच सांगून आभार मानले आहेत. शेंगदाण्याचं लोणीही त्यांच्या आधीपासून होतं. यानं त्यांची किंमत कमी होत नाही, आम्हाला तर ती वाढलेली दिसते. दुसऱ्याकडून घेतलं ते नाव घेऊन घेतलं, आणि स्वतःचं कुलपात ठेवलं नाही. आयुष्यभरात त्यांनी पेटंट घेतली ती फक्त तीन.

पण एक गोष्ट गोड करून सांगता येणार नाही. चवळी पेरा, भुईमूग पेरा, हे शेतकऱ्याला पटत होतं. पेरायचं काय, हे मात्र जमीनमालक आणि दुकानदार ठरवत होते. १९१४ च्या कायद्यानं शेतकी कॉलेजांचं ज्ञान गावोगाव न्यायला सरकारी पैसा मिळू लागला, तोही दक्षिणेत बहुतेक गोऱ्यांच्या कॉलेजांच्या हाती राहिला. हे वाचताना आमच्यातली एक जण पटकन म्हणाली, "माझंही तसंच की! प्रशिक्षणात सगळं कळतं. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यांचं, पीक ठरवणार दीर." त्यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

अमेरिकेतल्या शेतकी कॉलेजांचा हा नमुना पुढं भारतानं घेतला. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ सालचं, त्याच घडणीतलं. शिकवणं, संशोधन आणि ते शेतापर्यंत नेणं, ही तिन्ही कामं अशा विद्यापीठाकडं असतात. तिसऱ्या कामाचा अनुभव प्रत्येकीचा वेगळा. आमच्या गटानं एकदा माती तपासायला दिली होती. कागद आला तो सगळा आकड्यांचा आणि आद्याक्षरांचा. दोन वर्षं तो डब्यात पडून होता. शेवटी बारावी विज्ञानाला असलेल्या एका पोरीनं वाचून दाखवला, तेव्हा कळलं की आम्ही नको ते खत विकत घेत होतो.

असा कागद तुमच्याकडंही पडला असेल तर पुढच्या बुधवारी केंद्रावर घेऊन या. ती पोरगी येणार आहे. आणि सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेल्या दोघी जणी त्याच दिवशी बोलणार आहेत, तलाठ्याकडं काय काय न्यावं लागलं ते.