टापेखालची माती आणि टाप



आपल्या दिंडीच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत वीणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेऊन चाललेल्या मायमाउल्या यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. ते व्हायलाच हवे. पण वारी काही फक्त माणसाच्या पायांनी झाली नाही. सामान बैलांनी ओढले, घाटात ओझे तट्टांनी वाहिले आणि माउलींच्या सोहळ्यात अश्व धावले. त्या मुक्या पायांचा इतिहास कुणी लिहिला नाही, म्हणून या लेखात आम्ही घोड्याच्या टापेविषयी आणि गाढवाच्या खुराविषयी लिहीत आहोत. विषय थोडा वेगळा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा माउली, तो आपलाच आहे.

श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२ च्या सुमारास. ते शिंदे सरकारच्या पदरी असलेले गृहस्थ. म्हणून सोहळ्यात लष्करी शिस्त आली आणि अश्वही आले. अश्वांचा मान बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडे. आजही अंकलीहून दोन अश्व निघतात ते पायी आळंदीला येतात. हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. पुढे आळंदी ते पंढरपूर आणखी अडीचशेच्या आसपास. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही. तो माउलींचा. रिंगणात तो दौडत गेला की लोक धावतात आणि त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावतात. ज्यांनी सदाशिवनगरचे किंवा बाजीराव विहिरीचे रिंगण पाहिले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमचा प्रश्न एवढाच, की टापेखालची माती आपण कपाळी लावतो, मग त्या टापेकडे कोण बघतो?

टाप म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आपल्या नखाचे जे द्रव्य, तेच खुराचे. बाहेरची कडक भिंत ही नखासारखी वरून खाली वाढत राहते, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. वरच्या केसाळ कडेशी आज जे नवे खूर फुटेल, ते पुढच्या बाजूने जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागते. भिंतीच्या आत तळवा, आणि टाचेकडे एक तिकोनी, रबरासारखा मऊ भाग. पाऊल जमिनीवर पडले की टाच किंचित पसरते, तो मऊ भाग दाब झेलतो, धक्का वर सांध्याला कमी पोचतो आणि रक्ताच्या फिरण्याला मदत होते. रानातला घोडा रोज मैलोन्‌मैल चालतो, त्याचे खूर वाढते तसे झिजते. दावणीला बांधलेल्या जनावराचे वाढते, पण झिजत नाही. त्याचे खूर माणसाला कापावे लागते. जनावर बांधले त्या दिवसापासून हे काम माणसाच्या माथी आले.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. आपल्याकडे अश्ववैद्यक शालिहोत्राच्या नावाने ओळखले जाते आणि पांडवांतला नकुल घोड्यांचा जाणकार मानला जातो. तिकडे ग्रीस देशात झेनोफन नावाच्या सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर पुस्तक लिहिले. खूर टणक व्हावे म्हणून घोडा गोटे पसरलेल्या अंगणात उभा करावा, असा सल्ला त्यात आहे. खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी नाल नंतरच्या काळात रुळली. पक्के रस्ते, जड ओझी आणि फौजांच्या लांब मजला यांमुळे तिची गरज वाढली, आणि नालबंद हा गावोगावचा कसबी माणूस झाला. नाल हे पाप नव्हे. चांगला नालबंद नाल ठोकण्याआधी खूर नीट कापतो, समतोल करतो, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघतो. वाईट घडते ते नाल ठोकून महिनोन्‌महिने विसरल्याने. नालेमुळे भिंत झिजत नाही, खूर पुढे वाढत जाते, टाच दबते आणि जनावर लंगडू लागते.

आता आपल्या दाराशी येऊ. कडावात उभे राहून मावळतीकडे पाहिले की माथेरानचा डोंगर दिसतो. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब तिथे चढले आणि थंड हवेचे ठिकाण वसले. नेरळहून छोटी गाडी सुरू झाली ती १९०७ मध्ये. मोटारींना वर बंदी, दस्तुरी नाक्यापुढे चालत जायचे, हातरिक्षा घ्यायची नाहीतर घोड्यावर बसायचे, अशी रीत होती. त्यामुळे माथेरान पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या पायावर जगले. पर्यटकही घोड्यावर, आणि गॅसची टाकी, धान्याचे पोतेही घोड्यावर. आपल्या कर्जत तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या टापांवर पेटली.

तिथली वाट मूळची जांभ्याच्या तांबड्या मातीची. अलीकडे धूप थांबावी म्हणून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवू लागले. अश्वपालांनी तक्रार केली की उतारावर, विशेषतः पावसात, नालेचा पाय घसरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये नवे ब्लॉक बसवायला स्थगिती मिळाली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला होता. म्हाताऱ्या-आजारी माणसाची सोय झाली हे खरे, आणि अश्वपालाच्या पोटाला चिमटा बसायची भीती आहे हेही खरे. या वादात आम्हाला न्यायनिवाडा करायचा नाही. आम्हाला दिसते ते एवढेच, की रस्ता बदलला, मिळकत डळमळली, की सगळ्यांत आधी खर्च कापला जातो तो जनावराच्या पायाचा.

नालेशिवाय घोडा निरोगी ठेवता येतो का, यावर गेल्या चाळीस वर्षांत जगात पुष्कळ काम झाले. अमेरिकेतला जेमी जॅक्सन नावाचा नालबंद १९८० नंतरच्या दशकात रानटी घोड्यांच्या मागे फिरला. खडकाळ, कोरड्या मुलखात त्यांची खुरे आखूड, गोल कडेची आणि टणक असतात हे त्याने पाहिले आणि पाळीव घोड्याचे खूर तसे घडवावे असे मांडले. या पद्धतीत नाल काढतात आणि दर पाच-सहा आठवड्यांनी कानशीने खूर घासतात. आधी खूर स्वच्छ करून वास घ्यायचा. काळी घाण आणि दुर्गंधी असेल तर सडका आहे. भिंत तळव्याच्या पातळीपर्यंत आणायची, तिची कड गोल करायची म्हणजे ती फाटत नाही. जिवंत तळवा कोरायचा नाही, टाचेचा मऊ भाग उगाच छाटायचा नाही. फार वाढलेले खूर एका दिवसात कापायचे नाही, थोडे थोडे करत मूळ आकारावर आणायचे.

आणि घाई नको. आज नाल काढली आणि उद्या खडीवर पळवला तर जनावराचे हाल. मऊ जमीन, पायात रबरी बूट, हळूहळू वाढवलेली चाल, आणि नवी भिंत खालपर्यंत येईतो धीर. डांबरावर रोज ओझे वाहणाऱ्या घोड्याला नाल लागेलही. ते जनावर, ती वाट आणि जाणकार डॉक्टर बघून ठरवावे. आपल्याकडे तर पावसाचे चार महिने चिखल. त्यात खूर मऊ पडते, सडते. कोरडी उभी राहायची जागा आणि रोज पाय साफ करणे, हे नाल असो वा नसो, चुकवता येत नाही.

खूर बिघडते ते तोंडाच्या वाटेनेही. चंदी जास्त झाली, गोड जास्त झाले, की खुराच्या आतले पापुद्रे सुजतात. तिथे हाड भिंतीला बांधलेले असते. ती बांधणी सुटली तर हाड खाली फिरते आणि घोडा पुढचे पाय लांब टाकून, मागे रेलून उभा राहतो. म्हणून माउली, अश्व दिसला की गूळ-पेढे भरवू नका. हात जोडा, तेवढे पुरे.

गाढवाची कथा निराळी. ते मूळचे कोरड्या मुलखाचे. त्याचे खूर घोड्यापेक्षा अरुंद आणि उभे असते आणि पाणी जास्त शोषते. घोड्याच्या मापाने ते कापले तर बिघडते, आणि न कापता ठेवले तर मोजडीच्या चोचीसारखे वर वळते. गाढव दुखणे दाखवत नाही, उभे राहते, म्हणून लोकांना वाटते की बरे आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांत गाढवाच्या पाठीवर ५० किलो आणि तट्टाच्या पाठीवर ७० किलो एवढीच मर्यादा घातलेली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाखांवर गाढवे होती, २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. आपल्या राज्यात सांगली-सोलापूरकडे ॲनिमल राहत ही संस्था अशा कष्टाच्या जनावरांसाठी काम करते. वारकऱ्याला गाढवाचे महत्त्व कुणी शिकवायला नको. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्या प्रत्येक कीर्तनात येते. नाथांनी तिथे विचारले नाही की हे गाढव कुणाचे.

आपली कोकणची माणसे. आषाढात भाताची लावणी, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ दिंड्या कार्तिकीला बोरघाट चढून आळंदीला जातात. त्या घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, रेल्वे १८६३ मध्ये आली. त्याआधी आणि नंतरही किती जनावरांचे पाय तिथे झिजले असतील त्याची नोंद नाही. आपल्यातले कितीतरी जण अनवाणी चालतात. तळव्याला फोड आला की मुक्कामावर कुणीतरी तेल-हळद लावून देतो, वर रामकृष्ण हरी म्हणतो. जनावराला तेवढीही भाषा नाही.

म्हणून शताब्दीच्या वर्षी दिंडीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. दिंडीसोबत जे जनावर येईल त्याचे चारही पाय निघण्याआधी आणि घाटाच्या पायथ्याला उचलून बघावेत. लंगडे असेल ते घरी राहील, ओझे आपण वाटून घेऊ. दुसरे, नालबंदाचे आणि खूर कापण्याचे कसब गावातल्या एक-दोन तरुणांनी पशुवैद्यकीय डॉक्टरांच्या हाताखाली शिकावे. हे कसब संपत चालले आहे, आणि डोंगरावर त्याची गरज आहे. त्यात पोटही भरेल, पुण्यही लागेल.

माती कपाळाला लावायची ती लावूच. पण वाकलोच आहोत तर त्या टापेवरही एक नजर टाकू.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥