पंचांपुढली काडी

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे 1997 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, तोवर ते हवेली तालुक्यातले साधे शेतकरी गाव होते. आज तेथल्या काचेच्या इमारतींत संगणकाच्या कंपन्या थाटल्या आहेत, आणि त्यांत नोकरी करणारी, परस्परांत भांडण उरले नाही पण संसारही उरला नाही अशा अवस्थेला पोहोचलेली जोडपी वकिलाला विचारतात की, दोघेही राजी असता कोर्टाची पायरी न चढता मोकळे होता येईल काय. प्रश्न नव्या काळाचा भासतो. वस्तुतः या पुणे प्रांती पेशवाईअखेरपर्यंत बहुजनांचे विवाह सरकारी न्यायाधीशावाचून जुळत, आणि तसेच मोडतही.

पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या अमदानीत आर्थर स्टील या अंमलदाराने दख्खनेतल्या जातीजातींचे रिवाज जमवून 1827 च्या सुमारास ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्राह्मणादी वरिष्ठ जातींत विवाह अभेद्य मानला जाई. शेतकरी-कारागीर जातींत मात्र सोडचिठ्ठी होती, काडीमोड होता, आणि सुटलेल्या बाईला पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, मुभा होती. दोन्हीकडचे सोयरे आणि जातीचे पंच बसलेले, त्यांच्यादेखत नवऱ्याने गवताची काडी मोडावी आणि सारे उठावे, एवढाच तो विधी. सरकार पाटदाम नावाची पट्टी वसूल करून स्वस्थ बसे. या सुटसुटीतपणाचे कौतुक मात्र बेताने करावे, कारण काडी बहुधा पुरुषाच्या हाती असे, आणि पहिल्या लग्नाचा खर्च नव्या नवऱ्याने जुन्यास भरून द्यावा असाही रिवाज अनेक ठिकाणी होता. बाईच्या संमतीची पृच्छा पंचांनी किती वेळा केली असेल, याविषयी मला फारशी आशा वाटत नाही.

1827 च्या मुंबई रेग्युलेशनांनी देशरिवाजाला मान दिला आणि जातीच्या अंतर्गत तंट्यांत हात घालण्यास न्यायालयांना मज्जाव केला. परंतु 1876 साली संभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले की, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा नवरा हयात असता बाईला दुसरे लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय ओळखत नाही, आणि जातीची परवानगी होती असा प्रामाणिक समजही फौजदारीतून सोडवीत नाही. नवऱ्याने दिलेली सोडचिठ्ठी त्यानंतरही चालत राहिली; पंचांचा स्वतंत्र हुकूम मात्र लंगडा झाला.

पुढे हिंदू कोड बिलावरील वादात, घटस्फोटाने धर्म बुडेल असा कोलाहल चालला असता, डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की हिंदूंत बहुसंख्य असलेल्या शूद्र गणलेल्या जातींत तो रूढीने पूर्वापार आहेच. मुंबई प्रांताने 1947 सालीच हिंदू घटस्फोटाचा कायदा केला होता. 1955 चा हिंदू विवाह कायदा देशभर आला, त्याच्या 29 व्या कलमाने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला, आणि परस्परसंमतीचे कलम, 13-ब, तर 1976 साली मागाहून जोडले गेले.

तेव्हा आज खराडीच्या जोडप्याने मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला, तर तेवढ्याने विवाह सुटत नाही. आपल्या जातीत अशी रूढी आहे हे निवेदून पुराव्याने शाबीत करावे लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निर्णय आहे, आणि निरनिराळ्या जातींतून, प्रांतांतून आलेल्या दोघांनी कोणती रूढी शाबीत करावी? जुन्या काडीमागे निदान चारचौघांची साक्ष होती; नोटरीच्या टेबलाशी ती ओळखपत्राच्या झेरॉक्सवर आली आहे. राजमार्ग राहतो तो शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचा: वर्षभर विभक्त राहून केलेला संयुक्त अर्ज, आणि मग सहा महिन्यांची मुदत, जी योग्य प्रसंगी माफ करता येते असे 2017 साली ठरले. न्यायालयाने अनुज्ञा दिल्यास पक्षकाराची जबानी दूरदृश्य यंत्रणेवरूनही होते, म्हणजे परदेशी गेलेल्या नवऱ्याला केवळ त्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नाही.